अतिगोपनीय, चार पाने

संगणकावरून गोपनीय कागद फॅक्सने पाठवण्याच्या विधीत आधी सुरक्षितता येते, मग श्रद्धा. संगणकाला मोडेम आणि टेलिफोनची तार जोडूनही हा विधी करता येतो. पण ती तार बहुतेक घरांतून केव्हाच गेली. त्यामुळे यजमान फॅक्स सेवेच्या संकेतस्थळावर पासवर्ड देतो, मोबाइलवर आलेला ओटीपी भरतो आणि पीडीएफ चढवतो. इथून सेवेच्या सर्व्हरपर्यंत कागद कूटबद्ध होऊन जातो. बंदोबस्त बँकेच्या तोडीचा.

सर्व्हरवर त्याचे काळे-पांढरे ठिपके केले जातात, आडव्या इंचाला सुमारे 204, आणि समोरच्या यंत्राला फोन लागतो. ते किंचाळते, हे उत्तरादाखल किंचाळते, वेग ठरतो आणि कागद निघतो, तोही उघडाच. 1980 साली ठरलेल्या ज्या मानकावर नेहमीचा फॅक्स आजही चालतो, त्यात मुळात कुलपाची सोय नव्हती. पानाच्या माथ्यावर पाठवणाऱ्याचा क्रमांक छापून येतो खरा. तो पाठवणाऱ्यानेच आपल्या यंत्रात भरलेला असतो आणि तिथे काहीही भरता येते.

'फॅक्स पोचला' ही पावती समोरच्या यंत्राने दिलेली असते. माणसाने कागद घेतला की शिपायाने त्यावर चहाचा कप ठेवला, याची तिला कल्पना नसते. काही यंत्रांतल्या शाईच्या फितीवर तर छापलेल्या प्रत्येक पानाचा ठसा उमटून राहतो आणि फीत संपली की सगळी गुपिते एकत्रच कचऱ्यात जातात.

संरक्षणाची खरी भिस्त मुखपृष्ठावर. 'हा मजकूर आपल्यासाठी नसल्यास वाचू नये,' असे त्यावर लिहिलेले असते; ते वाचून होईपर्यंत पुढची पाने बाहेर आलेली असतात. ब्रिटनमध्ये बँक ऑफ स्कॉटलंडने ग्राहकांच्या खात्यांचे तपशील वर्षानुवर्षे भलत्याच क्रमांकांवर फॅक्स केले. 2013 मध्ये तिला 75,000 पौंड दंड झाला.

कायद्याचा मात्र फॅक्सवर लोभ आहे. अमेरिकेतला 'हिपा' कायदा रुग्णाची माहिती फॅक्सने पाठवू देतो, फक्त वाजवी काळजी घ्यायची. म्हणजे क्रमांक नीट तपासायचा आणि यंत्र वर्दळीत ठेवायचे नाही. जर्मनीत ब्रेमेनच्या विदा-संरक्षण अधिकाऱ्यांनी 2021 मध्ये फॅक्सला उघड्या पोस्टकार्डाच्या पंक्तीला बसवले. तरी बर्लिनच्या संसदेत यंत्रे पुढेही काही वर्षे किंचाळत होती.

फॅक्स कोणाच्याही हाती न पडण्याची हमी एकाच परिस्थितीत मिळते आणि तिचा दाखला भारतात आहे. 21 नोव्हेंबर 2018 रोजी मेहबूबा मुफ्ती यांनी जम्मू-काश्मीरमध्ये सरकार स्थापनेचा दावा करणारे पत्र राजभवनाला फॅक्सने पाठवायचा प्रयत्न केला. ते गेले नाही. ईदची सुट्टी होती, जेवण वाढायलाही कोणी नव्हते, असे राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी नंतर सांगितले. पत्र मग ट्विटरवर टाकले गेले आणि देशाने वाचले. विधानसभा त्याच रात्री विसर्जित झाली.