नानांचा क्रशर

नानांना एखादी वस्तू घ्यायची आहे असं कळलं, की ओळखीपाळखीचे लोक त्यांचा फोन उचलेनासे होतात. पुण्यात असताना कूलर घ्यायचा म्हणून अख्खा उन्हाळा दुकानं पालथी घातली आणि पहिला पाऊस पडल्यावर "आता काय करायचाय?" म्हणून मोकळे झाले. पुढे मुलाच्या मागोमाग मेलबर्नला आले, पण गुण तोच. फक्त आता कूलरच्या जागी क्रशर आलाय. दगड फोडायचा. सोन्यासाठी.

हसू नका. इथल्या व्हिक्टोरिया राज्यात सोनं शोधणं हा निवृत्त माणसाचा रीतसर छंद आहे. १८५१ मध्ये इथे सोनं सापडल्याची बातमी फुटली आणि जग लोटलं. बॅलरॅट, बेंडिगो ही गावं त्याच सोन्यावर उभी राहिली. आजही किरकोळ पैसे भरून 'मायनर्स राइट' हा परवाना काढला की दहा वर्षांची सोय होते. परवानगी असलेल्या जमिनीवर हाताच्या अवजारांनी खणा, खड्डा बुजवा, मिळेल ते तुमचं. नाना खड्डा इतका नीट बुजवतात, की पुढच्या वेळी त्यांनाच तो सापडत नाही आणि ते पुन्हा तिथेच खणतात. येताना गाडीच्या डिकीत गंजाचे डाग पडलेल्या गारगोट्या असतात. "स्वच्छ पांढरी गार बघायचीच नाही," हा त्यांचा मंत्र. "डागात दम असतो."

अशा डागाळलेल्या गारगोट्यांचा ढीग गॅरेजमध्ये गाडीच्या जागेवर बसला आहे. गाडी बाहेर उन्हात. दगड फोडायचा तो क्रशर मात्र अजून ठरायचाय.

तुम्ही चुकून "मग काय ठरलं?" असं विचारलंत, की नाना चष्मा कपाळावर चढवतात आणि "मूळ प्रश्न वेगळाच आहे" अशी सुरुवात करतात. मूळ प्रश्न दर खेपेला खरोखरच वेगळा असतो. जॉ क्रशर घ्यावा, तर त्याच्या दोन जबड्यांतून दगडाची नुसती खडी बाहेर पडते. तिचं पीठ करायला दुसरं यंत्र हवंच. चेन मिलमध्ये गरगर फिरणाऱ्या साखळ्या एका दमात पीठ पाडतात, पण साखळी झिजते आणि लोखंडाचा कीस सोन्यात येतो. बॉल मिल बारीक दळते, पण तासन् तास दळत बसते. पेट्रोलवरचं इंजिन घ्यावं तर आवाज. विजेवरचं घ्यावं तर इथला घरातला साधा प्लग १० अँपिअरचा, म्हणजे २४०० वॉटच्या वर उडी मारता येत नाही. आणि 'पोर्टेबल'? "अहो, हे लोक कशालाही चाकं लावतात आणि पोर्टेबल म्हणतात," नाना चिडतात. "माझ्या कमरेला विचारा पोर्टेबल म्हणजे काय ते!"

हे सगळं एक्सेलमध्ये आहे. वजन, अश्वशक्ती, तोंडात केवढा दगड जातो, बाहेर किती मेशचं, म्हणजे किती बारीक, पीठ पडतं, सुटे भाग कुठे मिळतात. एक रकाना नुसता 'शेजारी' असा आहे.

"मला मात्र एकदाच बघून हो म्हणाले होते," वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणतात. "तेव्हा एक्सेल नव्हतं ना!"

वहिनींचं दुःख वेगळंच आहे. त्यांना स्वयंपाकघराचा ओटा बदलायचा होता. इंजिनिअर्ड स्टोनचा, चकचकीत. नाना तेव्हा क्रशरच्या नादात सिलिकाच्या धुळीवर वाचत होते. गारगोटी कोरडी दळली की अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसात जाऊन बसते, ती काही परत निघत नाही. म्हणून दळताना पाणी सोडायचं आणि तोंडाला नीट बसणारा मास्क लावायचा. याच धुळीपायी कारागिरांना सिलिकोसिस होतो म्हणून ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून तो ओट्याचा कृत्रिम दगडच बंद केला. नानांनी ही बातमी वहिनींना काही महिने आधीपासूनच दाखवायला सुरुवात केली होती. "ओटा गेला आणि क्रशरही आला नाही," वहिनी म्हणतात.

मधल्या काळात डॉली पॉट नावाचा लोखंडी खलबत्ता वापरावा, असं जुने जाणते सांगतात. नानांची नजर त्यामुळे वहिनींच्या माहेरच्या लोखंडी खलबत्त्यावर गेली. तेव्हापासून तो कपाटात, कुलपात आहे.

नानांच्या लहानपणी सोनारआळीत झारेकरी यायचे. दुकानातला केर, माती विकत घेऊन ती धुवायचे आणि त्यातून सोन्याचे कण काढायचे. वहिनींनी एकदा त्यांचाच दाखला दिला. "त्यांच्याकडे कुठलं यंत्र होतं?"

"अगं, त्यांचं सोनं सुटं होतं," नाना कळवळून म्हणाले. "माझं कोंडलेलं आहे!"

ते सोडवल्यावर निघणार किती, हा हिशेबही नानांनी केला आहे, आणि प्रामाणिकपणे केला आहे. टनाला १० ग्रॅम, म्हणजे दगड चांगलाच म्हणायचा. अशा १० किलो दगडात एक दशांश ग्रॅम. वहिनींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे कुडीची फिरकीसुद्धा नाही."

पुण्याहून कुणी पाहुणे आले की सगळे त्यांना बॅलरॅटच्या सॉव्हरिन हिलला नेतात. तिथे ओढ्यात थाळी धुवून सोन्याचा कण काढता येतो. पाहुणे पँट वर करून पाण्याशी बसतात. नाना मात्र जुन्या स्टॅम्प बॅटरीपाशी, ते लोखंडी मुसळ खाली आदळताना बघत उभे राहतात. तिथल्या माणसाला मेश विचारतात. परत येताना 'वेलकम स्ट्रेंजर'ची गोष्ट ठरलेली. १८६९ मध्ये मोलियागुलला दोघांना झाडाच्या मुळांशी, जमिनीखाली जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरवर सत्तर किलोंच्या आसपास सोन्याचा गोळा मिळाला. जवळच्या डनोलीत तो तोलायला पुरेसा मोठा काटाच नव्हता, म्हणून ऐरणीवर फोडावा लागला. ऐकणारे हरखतात. नाना मान हलवतात. "काटा आधी बघून ठेवायला नको? याला म्हणतात पूर्वतयारीचा अभाव."

आता गंमत अशी, की सल्ला द्यावा तर नानांनीच. सोलापूरकडचा एक पोरगा त्यांच्याकडे आला, दोन तास बसला, तीन कप चहा प्यायला आणि आठवड्याच्या आत चेन मिल घेऊन मोकळा झाला. पहिलं दळण नानांच्याच गॅरेजमध्ये. नानांनी त्याला मास्क बांधला, गॉगल चढवला, पाण्याची नळी स्वतः धरली. मिल सुरू झाली तशी गल्लीतली झाडून सगळी कुत्री भुंकायला लागली. मग थाळी. गारेचं हलकं पीठ पाण्याबरोबर वाहून गेलं, मागे काळी रेती उरली. नानांनी लोहचुंबक फिरवला, त्यावर कीस केसांसारखा उभा राहिला. थाळीच्या कडेला तीन पिवळे ठिपके. नानांनी एक डोळा मिटला, दुसऱ्याला भिंग लावलं, जीभ दातांत धरली आणि एका ठिपक्यावर हलकेच टाचणी टेकवली. सोन्यासारखं दिसणारं माक्षिक असतं तर चुरा झाला असता.

"दबलं," नाना म्हणाले. "सोनं आहे."

पोरगा नाचायचाच बाकी. "नाना, आता तुमचे टाका की!"

नानांनी ढिगाकडे पाहिलं, मग चुंबकाकडे. "छे! माझे दगड नाही हो मी या साखळीत घालणार. लोखंड किती आलंय बघ. बॉल मिलचंच बघायला हवं."

"केवढ्याला आहे ती?" आतून वहिनींचा आवाज आला.

"किमतीचं नंतर. आधी गोळे कुठले घ्यायचे ते ठरू दे. स्टीलचे की सिरॅमिकचे?"