हवेची की पाण्याची?
पोर्शे 911 घेणाऱ्यांत दोन पंथ आहेत: हवापंथी आणि पाणीपंथी. 1963 साली फ्रँकफर्टला अवतरलेल्या या गाडीचे इंजिन तीन दशकांहून अधिक काळ हवेनेच थंड होई. 1997 मध्ये आलेल्या 996 मॉडेलपासून त्याभोवती पाणी खेळू लागले आणि सोवळे मोडले. त्यात तिचे हेडलाइट दिसायला थेट हाफ-फ्राय! जुन्या गाडीत हीटर लावला की इंजिनाच्या उबेबरोबर कधीकधी तेलाचा वासही आत येतो. भक्त त्याला ‘कॅरॅक्टर’ म्हणतात, गॅरेजवाला गळती. नवी गाडी अधिक वेगवान, शिवाय तिचा एसी खरोखर गार करतो. एवढ्या सोयीवर भक्ती जडणार कशी? भाव अर्थातच जुनीला. म्हणून ती कव्हर घालून ठेवतात आणि चालवायला दुसरी घेतात, बहुधा पाण्याची.