एका भावी नगरसेवकास, गुलाबी झाकणांसह

प्रति,
भावी नगरसेवक
(फ्लेक्सवर सगळ्यात खालची रांग, उजवीकडून तिसरा फोटो),
वसई पूर्व.



निकालाच्या दिवशी आपण जेसीबीवरून जो गुलाल उधळलात, त्यातला निम्मा माझ्या गाळ्यात आला. शटर अर्धं वर होतं, आत मोल्डिंग मशीन चालू होती. मी औषधाच्या बाटल्यांची पांढरी झाकणं बनवतो. त्या दिवशी गुलाबी बनवली. वालीवच्या त्या अरुंद गल्लीत पुढे आपला डीजे, मागे जेसीबी आणि त्यामागे माझा माल न्यायला आलेला टेम्पो, अशी मिरवणूक दुपारभर ठप्प उभी होती. टेम्पोवाल्यानं वेटिंग लावलं. पार्टीच्या क्यूसीवाल्यानं एक झाकण उजेडात धरलं, आतल्या आट्यांत बसलेला गुलाल नखानं खरवडला आणि अख्खा लॉट परत पाठवला.

वर आपण मला पेढा भरवून म्हणालात, "काका, आता सरकार आपलं. धंद्याला बरकत बघाच!" हे आपल्या तोंडून पूर्वीही ऐकलंय. तेव्हा गळ्यातलं उपरणं वेगळ्या रंगाचं होतं, पेढा मात्र याच दुकानातला.

सरकार बदलणं वसईला नवं नाही. 1739 साली चिमाजीअप्पांनी इथून पोर्तुगीजांना घालवलं. 1802 च्या 31 डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावानं इथंच इंग्रजांशी तह केला, तेव्हाही कुणीतरी पेढे वाटले असतीलच. अलीकडचंच घ्या. नोव्हेंबर 2019 ते डिसेंबर 2024 एवढ्या काळात राज्यात मुख्यमंत्रिपदाच्या चार शपथा झाल्या, त्यातली एक तर मी दूध आणायला बाहेर पडायच्या आत. 1990 पासून मधली एक खेप वगळता ज्यांच्याकडे वसईची आमदारकी होती, ते हितेंद्र ठाकूरही 2024 मध्ये हरले. महापालिकेची मुदत जून 2020 मध्ये संपली, पुढची पाच वर्षं प्रशासक. म्हणजे आम्ही सरकार बदलून पाहिलं, आमदार बदलून पाहिला, नगरसेवकांशिवायही राहून पाहिलं. गाळ्यासमोरचा खड्डा सगळ्यांना पुरून उरला.

सूर्या प्रकल्पाच्या पाण्याबद्दल काय बोलायचं? 2023 मध्ये ते उद्घाटनाच्या मुहूर्तासाठी अडल्याची ओरड झाली आणि पाण्यासाठी आंदोलनं करावी लागली.

आपण म्हणाल, 1991 साली नाही का देशाचं नशीब पालटलं? पालटलं. पण ज्या काँग्रेसनं परवान्यांचं राज्य उभं केलं, तिनंच ते 24 जुलैला मोडायला घेतलं. त्याच महिन्यात सुमारे 47 टन सोनं परदेशी गहाण टाकावं लागलं होतं. अक्कल नव्या पाटीबरोबर नाही, रिकाम्या तिजोरीबरोबर आली. आणि जीएसटी? कल्पना वाजपेयींच्या काळातली, 2006 च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी घोषणा केली. मग ज्यांनी अडवलं, त्यांनीच 1 जुलै 2017 ला ढोल वाजवून आणलं. दहिसरच्या जकात नाक्यावरची टेम्पोची रांग गेली, हे मात्र कबूल. कुठल्या सरकारचे आभार मानू? एकेकाला तिसरा हिस्सा देतो.

आता माझ्या खऱ्या दुखण्याकडे येतो. छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत, असा कायदा 2006 मध्ये एका सरकारनं केला. 2023 मध्ये दुसऱ्या सरकारनं त्याला दात बसवले: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर देणाऱ्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षीच्या उत्पन्नातून वजा करता येईल. मी खूश झालो. दुसऱ्याच आठवड्यात माझ्या सगळ्यात मोठ्या पार्टीचा फोन: "शेठ, ते छोट्या उद्योगाचं उद्यम सर्टिफिकेट रद्द करून टाका ना. नाहीतर ऑर्डर दुसरीकडे द्यावी लागेल." पैसे आजही चार महिन्यांनीच येतात. बिल फाडलं की जीएसटी मात्र मी पुढच्याच महिन्यात खिशातून भरायचा. मध्ये लाइट जाते. मशीनच्या बॅरलमधला वितळलेला प्लास्टिकचा दाणा तिथंच जळतो. लाइट आली की तो काळा चिकट माल बाहेर काढेपर्यंत तास जातो आणि हेल्परची हजेरी चालूच असते.

अरे, कुठलं आपलं सरकार? आपलं म्हणजे कुणाचं? मी फोन केला तर ते उचलणार आहे का? तू केलास तर उचलेल? तू ज्याच्यासाठी घसा फोडलास, त्याला तुझं आडनाव तरी ठाऊक आहे का रे?

रागावू नकोस. तुझे वडील याच इस्टेटीत लेथवर होते. नोटाबंदीनंतर त्यांचा गाळा बंद पडला, तेव्हापासून ते बिल्डिंगच्या गेटवर वॉचमन आहेत. तू आयटीआयचा फिटर. सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून इस्टेटभर फिरलास, सगळ्यांनी मंदी सांगून चहा पाजला. साहेबांनी तुला बसायला खुर्ची दिली, बाईकला पेट्रोल दिलं, फ्लेक्सवर फोटो दिला. तुझ्या वयाला एवढं पुष्कळ होतं. पेल्हारला तुमच्या चाळीवरून गेलो, तेव्हा तो फ्लेक्स पत्र्यावर टाकलेला दिसला. तुझा चेहरा बरोबर गळतीच्या जागी होता.

असो. रद्द झालेल्या लॉटचं बिल सोबत जोडलं आहे, साहेबांना द्या. पैसे 45 दिवसांत यावेत, कायदा आहे. आणि रात्रपाळीला डाय बदलायला फिटर हवाय. पगार दहा तारखेला, पार्टीनं पैसे सोडले तर. येताना उपरणं घरी ठेवून ये, मशीनमध्ये अडकतं.

कळावे,
आपला,
गाळेवाले काका