क्वालिटीवाले काका आणि पिस्टन

पिंपरीत कुठल्याही सोसायटीत जा, एखाद वेळी वॉचमन जागेवर नसेल, पण एक निवृत्त क्वालिटीवाला असतोच. कंपनीने शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन त्याला केव्हाच निरोप दिलेला असतो. तपासणी मात्र चालू असते, फक्त माल बदललेला असतो. आधी क्रँकशाफ्ट होते, आता कोथिंबीर.

आमच्या मासूळकर कॉलनीतले काका या जातीचा अस्सल नमुना. त्यांची हयात टेल्कोत गेली. कंपनीचं नाव २००३ साली टाटा मोटर्स झालं, पण ज्यांनी तिथला जुना पगार खाल्लाय त्यांच्या तोंडी अजून टेल्कोच. काकांचं काम बाहेरून येणारा माल तपासण्याचं. भोसरीहून, चाकणहून पुरवठादारांचे टेम्पो यायचे आणि काकांच्या सहीसाठी ताटकळत उभे राहायचे. ‘ओके’ लिहिताना काकांचा हात जड व्हायचा, ‘रिजेक्ट’ लिहिताना मोत्यासारखं अक्षर यायचं. ती सवय गेली नाही. सुनेची पोळी ते उजेडाकडे धरून बघतात आणि ‘जाडी एकसारखी नाही’ एवढंच म्हणून जेवतात. लग्नाला गेले की आहेर देण्याआधी मांडवाचा खांब ओळंब्यात आहे का ते बघतात. गॅसवाल्याने सिलिंडर काट्यावर ठेवल्याशिवाय त्याची सुटका नाही. यात दुष्टपणा मुळीच नाही. जगात दोष आहे आणि तो समोरच्या मालात आहे, एवढी निर्मळ श्रद्धा आहे.

अशा घरात नातीच्या हट्टापायी लॅब्रेडॉरचं पिल्लू आलं. काकांनी दारातच इनकमिंग इन्स्पेक्शन केलं. दात बघितले, कान उलटे करून बघितले, पंजे दाबले, लसीकरणाचं कार्ड चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि स्वतःच्या तोंडाने ‘ओके’ म्हणाले. मुलाने नाव ठेवलं पिस्टन. त्याच संध्याकाळी पिस्टनने हॉलच्या मधोमध, टीव्हीसमोर, सगळ्यांच्या साक्षीने धार सोडली.

दुसऱ्या कुणी आजोबांनी फडकं आणा म्हटलं असतं. काका पांढरे पडले. आपण पास केलेल्या मालात लीकेज! टेल्कोत इंजिन ब्लॉकची लीक टेस्ट होते. त्यात एक बुडबुडा दिसला तर लॉट बाजूला निघतो. इथे लॉट सोफ्याखाली जाऊन झोपला होता.

दुसऱ्या दिवसापासून तपास सुरू झाला. पिस्टनने जिथे जिथे केलं तिथे पुसून झाल्यावर काका खडूने गोल काढायचे आणि आत तारीख, वेळ लिहायचे. दोन आठवड्यांत हॉल असा भरला की पाहुण्यांना पाय कुठे ठेवावा कळेना. काकू म्हणाल्या, “अहो, दिवाळी नाही, दसरा नाही, ही कसली रांगोळी?” काका म्हणाले, “हा डेटा आहे.” शिवाय एक रजिस्टर. रकाने असे: दिनांक, वेळ, ठिकाण, अंदाजे प्रमाण, घरात उपस्थित व्यक्ती, शेरा. प्रमाणाच्या रकान्यात ‘अर्धा कप’, ‘पाऊण कप’, एकदा नुसतंच ‘अबब’.

मग जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर फिशबोन. काओरू इशिकावा नावाच्या जपानी गृहस्थांनी ही माशाच्या काट्यासारखी आकृती काढली. तिच्यामुळे पिंपरी-चाकण पट्ट्यात जेवढे मासे कागदावर काढले गेले तेवढे पवना नदीत कधी सापडले नसतील. डोक्याच्या जागी काकांनी प्रॉब्लेम लिहिला, ‘घरात लघवी’. काट्यांवर चार एम लिहिले: मॅन, मशीन, मटेरियल, मेथड. आणि अनुभवी माणसासारखी सुरुवात मशीनपासून केली. मशीनमध्ये दोष निघाला की सगळे सुटतात.

मशीन म्हणजे पिस्टन. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी लघवीचा नमुना आणा. मूत्रमार्गात जंतुसंसर्ग असला की कुत्रं वारंवार, थोडं थोडं, कुठेही करतं आणि तेव्हा शिकवणी काही कामाची नाही, औषधच लागतं. त्यामुळे ही तपासणी पहिली. सल्ला शंभर टक्के बरोबर होता. फक्त नमुना घ्यायचा कसा, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

ते दृश्य आमच्या अख्ख्या इमारतीने गॅलरीतून बघितलं. सकाळची वेळ, पुढे पिस्टन, मागे काका. काकांच्या हातात झाडूच्या दांड्याला सुतळीने बांधलेली पळी, उकळून स्वच्छ केलेली. पिस्टन वास घेत थांबला की काका पळी सरकवायचे, पळी सरकली की पिस्टन वळून पळी चाटायचा. नारळाच्या झाडापाशी पिल्लू बसलं (या वयात नर पिल्लंही बसूनच करतात, पाय वर करणं पुढची गोष्ट), काकांनी पळी अचूक मधल्या धारेत धरली आणि वरून तिसऱ्या मजल्यावरच्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी पिस्टन उडाला आणि नमुना काकांच्या पायजम्यावर सांडला. दुसऱ्या खेपेला जमलं. पण लॅब उघडायला तासभर अवकाश होता आणि नमुना तोवर थंड ठेवायला हवा होता. “फ्रिजमध्ये?” काकू म्हणाल्या, “माझ्या फ्रिजमध्ये?” पुढचं मला ऐकू आलं नाही, खिडकी लावून घेतली गेली. काका हातात बर्फाचा डबा घेऊन जिन्यावर बसलेले मात्र दिसले.

रिपोर्ट नॉर्मल आला. काका खचले. रिपोर्ट ओके आणि आउटपुट नॉट ओके, ही क्वालिटीवाल्याच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट अवस्था.

डॉक्टरांनी साध्या शब्दांत समजावलं. पिल्लू जेवढ्या महिन्यांचं, साधारण तेवढेच तास ते जागेपणी रोखून धरू शकतं, आणि पिस्टन जेमतेम चार महिन्यांचा आहे. झोपून उठल्यावर लगेच, खाल्ल्यावर थोड्या वेळाने आणि दंगा घालून झाला की त्याला बाहेर न्यायचं. बाहेर केलं की तिथल्या तिथे, त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊ. घरात केलं तर गप्प पुसून टाकायचं. ओरडायचं नाही, नाक घासायचं नाही. काकांनी हे सगळं रजिस्टरमध्ये उतरवून घेतलं आणि शेवटच्या वाक्याशी प्रश्नचिन्ह काढलं. कारण पुरावा दाखवल्याशिवाय आरोपीवर कारवाई करायची नाही, असा त्यांचा बाणा. ते पिस्टनला गळपट्ट्याने धरून खडूच्या गोलापाशी न्यायचे आणि विचारायचे, “हे काय आहे?” पिस्टन कान पाडायचा, नजर चुकवायचा. “बघा, चेहराच सांगतो. कबूल आहे त्याला.”

या चेहऱ्यावर २००९ साली न्यूयॉर्कच्या बार्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी प्रयोग केला होता. ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्या कुत्र्यांनीही मालक रागावल्यावर अगदी तसाच अपराधी चेहरा केला. म्हणजे तो कबुलीजबाब नसतो, मालकाचं तोंड बघून आलेली धास्ती असते. हे मी काकांना सांगितलं. “नमुना किती कुत्र्यांचा?” त्यांनी विचारलं. चौदा, म्हणालो. “चौदावर मी बोल्टसुद्धा पास केला नसता.”

मटेरियलच्या काट्यावर काकांनी पाणी लिहिलं. आउटलेट सांभाळता येत नसेल तर इनलेट बंद करायचं, म्हणून दुपारी पिस्टनचं भांडं उचलून ठेवलं. काकूंनी ते पुन्हा भरून ठेवलं आणि म्हणाल्या, “आपल्याला २०१९ पासून दिवसाआड पाणी येतंय ते आपण सोसतो. मुक्या जिवाला कशाला?” बरोबरच आहे. तहानेलं पिल्लू आजारी पडतं, शहाणं होत नाही.

मेथडच्या काट्यावर मदतीला आले समोरच्या विंगमधले एचएवाले काका. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, म्हणजे आपल्या पिंपरीतला १९५४ चा, देशातला पहिला सरकारी औषध कारखाना. हे तिथे फर्मेंटेशनला होते. पेनिसिलिनच्या टाकीत एक परका जंतू शिरला तर सगळी टाकी ओतून द्यावी लागते, या भीतीत नोकरी केलेला माणूस. ते गुडघे टेकून फरशीचा वास घेत म्हणाले, “फिनाइलने तुमचं नाक फसतं, त्याचं नाही.” माणसाच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात दहा ते तीस कोटी. लघवीतल्या युरियाचा जंतू अमोनिया करतात, आणि युरिक आम्लाचे कण पाण्याने धुतले तरी सांध्यांत बसून राहतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की वास पुन्हा उठतो. मग कुत्र्याला वाटतं, ही आपली नेहमीची जागा. त्यावर उपाय एन्झाइम असलेलं क्लीनर. ते ओतून दहा-पंधरा मिनिटं तसंच मुरू द्यायचं, लगेच पुसायचं नाही. व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं हेही चालतं, पण संगमरवरावर नाही, दगड खातं ते. एवढं सांगून त्यांनी काकांकडे बघितलं. “आणि हे खडू पुसा. तुम्ही त्याला जागा आखून देताय.”

काकांना टेल्कोचं काम एचएवाल्याने शिकवणं रुचलं नाही. पण क्लीनर आणलं. खुणा निम्म्यावर आल्या, मात्र शून्य होईनात. म्हणून त्यांनी रजिस्टरमधल्या नोंदी वारानुसार आणि वेळेनुसार मांडल्या, आणि पहिल्यांदाच खरं काहीतरी हाती लागलं. सकाळच्या घटना जवळजवळ सगळ्या गुरुवारच्या होत्या.

पिंपरीबाहेरच्यांना यात काही दिसणार नाही. इथल्या बहुतेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. काकांचा मुलगा चाकणला फर्स्ट शिफ्टला. सहा दिवस कंपनीची बस पकडायला पहाटे उठायचा आणि जाताजाता पिस्टनला खाली फिरवून आणायचा. गुरुवारी तो नऊपर्यंत घोरत पडे. पिस्टन दाराशी जाई, कुंई-कुंई करी, परत येई, पुन्हा जाई आणि शेवटी पायपुसण्यावर मोकळा होई. कुत्र्याला सुट्टीचं सर्क्युलर कुणी दिलं नव्हतं. काका आनंदाने लाल झाले. दोष मुलाचा निघाला होता. मॅनच्या काट्यावर त्यांनी त्याचं नाव ठळक लिहिलं.

पण संध्याकाळच्या घटना उरल्या होत्या. सगळ्या सातच्या सुमारास, सगळ्या दाराच्या आत, आणि ‘उपस्थित व्यक्ती’च्या रकान्यात प्रत्येक वेळी ‘स्वतः’. काकांच्या नजरेतून हे कसं सुटलं, असं विचारू नका. तपासणाऱ्याचा रकाना कुणी तपासत नाही. काकू गवार मोडत बसल्या होत्या, त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं.

“तुमचं ते व्हाय-व्हाय असतं ना, पाच वेळा का विचारायचं? मी विचारते. दारात का करतो?”

“घाबरतो.”

“का घाबरतो?”

“मी आत आलो की.”

“तुम्ही आलात की का?”

“मी जरा... आवाज देतो. आज किती केलंस म्हणून.”

“रोज?”

“रोज.”

“मग तो पोट जमिनीला टेकवून, कान पाडून सांडतो तेव्हा तुम्ही काय करता?”

“अजून ओरडतो.”

पाचव्या ‘का’ची गरज पडली नाही. काकू पुन्हा गवारीकडे वळल्या. पिल्लं मोठ्यापुढे शरणागती म्हणून असं करतात, त्यात त्यांचा इलाज नसतो. जितकं रागवाल तितकं जास्त करतात. ओरडायचं नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. प्रश्नचिन्ह काढलेलं वाक्य तेच.

काका बराच वेळ कॅलेंडरच्या पाठीकडे बघत बसले. सगळी नोकरी झाली, पण इन्स्पेक्टरची चूक असं कुठल्या कागदावर लिहायची वेळ आली नव्हती, आणि आताही त्यांनी लिहिलं नाही. मॅनच्या काट्यावर, मुलाच्या नावाखाली, मोत्यासारख्या अक्षरात एक ओळ आली: ‘संबंधितास तोंडी समज देण्यात आली.’ खाली सही, तारीख.

मला विचाराल तर असल्या माणसाकडून याहून मोठा माफीनामा मिळत नाही, आणि मिळाला तर तो खोटा समजावा. काका बदलले नाहीत, त्यांची पद्धत बदलली. आता ते संध्याकाळी दार उघडतात आणि पिस्टनकडे न बघता, अंग तिरकं करून, एक अक्षर न बोलता आत शिरतात. चपला काढतात, खुर्चीत बसतात, तो आपण होऊन जवळ आला की वाकून छाती खाजवतात. महिन्याभरात दारातलं बंद झालं. हॉलमधले खडूचे गोल पुसले गेले. पिस्टन आता मोरवाडीच्या चौकापर्यंत जातो आणि मेट्रोचा एकेक खांब तपासून पास करतो. त्याचा पायही वर व्हायला लागलाय, तेव्हा घरात खुणा करायची सवय लागण्याआधी नसबंदीबद्दल डॉक्टरांशी बोलणं झालंय. त्यासाठी रजिस्टरचा दुसरा भाग उघडला आहे.

तुमच्याकडे पिल्लू असेल आणि ते घरात करत असेल, तर आधी डॉक्टर गाठा आणि मग काकांना बोलवा. फी नाही, बिनसाखरेचा चहा पुरतो. ते तुमच्या घरातल्या सगळ्यांच्या चुका काढतील, आणि त्यातल्या बऱ्याचशा बरोबर असतील. फक्त गुरुवारी सकाळी फोन करू नका. त्या दिवशी पहाटेची शिफ्ट काकांची असते.