पांढऱ्या गाऊनवाली

"काकू, जास्वंदीचा चोर सापडला म्हणे!"

"अगं, सापडला कसला, दिसली! बाई आहे. पहाटे पावणेपाचला. पांढराशुभ्र पायघोळ गाऊन, हातात पिशवी. तोंडाच्या जागी नुसता उजेडाचा गोळा. आमचे हे म्हणाले, हडळ असेल. म्हटलं, हडळीला काय संकष्टी असते फुलं तोडायला?"

नवीन पनवेलच्या आमच्या रो हाऊसांमध्ये दोन घरांत कंबरेएवढी भिंत आहे. तिच्यावर कोपर टेकलं की गॅसवरचं दूध उतू जाईपर्यंत कुणी आत जात नाही. काकूंनी आवाज खाली आणला.

"टोकाच्या घरातल्या आजी. दुसरं कोण पांढरा गाऊन घालतं गल्लीत? परवा देवळात समोर आल्या, मी सरळ घंटेकडे बघितलं."

"अहो काकू, त्या आजींना दोन पायऱ्या चढवत नाहीत आणि तुमच्या फाटकावरून हात घालून फुलं तोडतील?"

"मग कॅमेरा काय खोटं बोलतो?"

"रात्री, रंगाच्या बाबतीत, बिनदिक्कत बोलतो."

माझा धाकटा भाऊ कॅमेरे बसवण्याचंच काम करतो, त्यामुळे भाऊबीजेच्या ताटावरसुद्धा आमच्याकडे लेन्सच्या गोष्टी निघतात. संध्याकाळी अंधारलं की कॅमेऱ्यातून बारीकसा 'टिक्' आवाज येतो, तो काकूंनीही ऐकला होता. त्यांना वाटलं पाल. ती पाल नव्हे. दिवसा सेन्सरसमोर एक गाळणी असते, ती तेव्हा बाजूला सरकते. मग कॅमेरा आपल्याच इन्फ्रारेड दिव्यांच्या उजेडात बघायला लागतो आणि चित्र काळं-पांढरं होतं. हा उजेड साधारण 850 नॅनोमीटरचा. आपल्याला दिसतो तो फक्त दिव्यांचा मिणमिणता लाल ठिपका. आता गंमत अशी, की जे कापड आपल्या डोळ्यांना काळंकुट्ट, ते या उजेडाला काळं असेलच असं नाही. पुष्कळसे काळे रंग, विशेषतः सिंथेटिक कापडावरचे, इन्फ्रारेड शोषतच नाहीत, परत फेकतात.

"म्हणजे?"

"म्हणजे मोबाईल आणा आणि काल रात्री साडेदहाचं काढा. तुमच्या फाटकावर मी मुद्दाम दोन कपडे टाकले होते."

"अय्या, ती तू होतीस होय! मला वाटलं, कुणी करणी केली."

चित्र आलं. फाटकावर डावीकडे माझी काळी लेगिंग, उजवीकडे नवऱ्याचा काळा सुती शर्ट. दिवसा शेजारी ठेवले तर फरक सांगता येणार नाही. पडद्यावर लेगिंग धुतल्या चादरीसारखी पांढरी आणि शर्ट जवळजवळ काळाच. सुती ते सगळं काळं राहतं असंही नाही हं, कुठला रंग वापरलाय त्यावर आहे. आणि मागची जास्वंद बघा, बर्फ पडल्यागत! हिरवी पानं इन्फ्रारेड भरपूर परत फेकतात, म्हणून पनवेलच्या उकाड्यातही रात्री झाडं पांढरी दिसतात.

काकू लेगिंगकडे बघतच राहिल्या. मग एकदम, "काळा सॅटिनचा गाऊन... अगं, ती भिशीवाली! दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला!"

"आता तिच्यावर घसरू नका. निळा असेल, मरून असेल. गल्लीतले निम्मे गाऊन त्या कॅमेऱ्याला पांढरेच."

"पण तोंड का नाही दिसत? बसवणारा म्हणाला होता, रात्रीसुद्धा लख्ख दिसेल."

लख्ख दिसलं, तेच तर झालं. कॅमेरा अंगणाच्या अंधाराला जुळवून बसलेला, आणि बाई आली दिव्यांच्या अगदी पुढ्यात. तोंडावर सगळा झोत पडला, नाक-डोळे धुऊन निघाले. त्यात कॅमेरा बसवलाय छज्ज्याच्या कुशीत. जवळच्या भिंतीवरून उजेड उलटा लेन्सवर येतो, मग कॅमेऱ्याला वाटतं, भरपूर उजेड आहे, आणि तो अंगण काळोखात ढकलतो. त्यातून उरलंसुरलं कोळी बघतो. दिव्यांभोवती किडे, किड्यांसाठी कोळी. जाळं लेन्ससमोर हललं की काकूंच्या मोबाईलवर रात्रभर टिंग टिंग. पावसाळ्यात तर प्रत्येक थेंब काजव्यासारखा चमकतो. आठवड्याला एकदा कोरड्या कुंच्याने झाडलं तरी निम्मी कटकट जाईल, पण ते कुणी पत्रकात छापत नाही.

"आणि सकाळी सातला दूधवाल्याचं तोंड कोळशासारखं दिसतं, ते?"

"फाटक पूर्वेला ना तुमचं? सूर्य त्याच्या पाठीशी."

त्यासाठी डब्ल्यूडीआर नावाची सोय असते. एकाच दृश्याची कमी-जास्त वेळ उजेड घेतलेली चित्रं कॅमेरा झटपट जोडतो, म्हणजे आभाळही फाटत नाही आणि चेहराही बुडत नाही. पण खोक्यावर नुसतं डिजिटल डब्ल्यूडीआर लिहिलं असेल तर बहुधा टिपलेल्या चित्राचा अंधार नंतर उजळवायचा, एवढंच. खरं हवं असेल तर 120 डेसिबल आकडा शोधायचा, असं भाऊ सांगतो.

काकूंचं लक्ष मात्र पैशाकडे. "मग त्या एक्स्प्रेस वेवर कसं दिसतं गं? आमच्या जावईबापूंना रात्रीचं चलान आलं, नंबर अगदी छापल्यासारखा!"

पुण्याच्या रस्त्यावर 2024 पासून वाहतुकीवर नजर ठेवणारी नवी यंत्रणा आहे, तिच्या कचाट्यात निम्मं पनवेल एकदा तरी सापडलंय. नंबर वाचणाऱ्या कॅमेऱ्याला एकच काम असतं. पाटी स्वतः उजेड परत फेकणाऱ्या पत्र्याची. 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना तर ती गाडीच्या कंपनीकडूनच येणं सक्तीचं. शटर इतकं झटपट मिटायचं, की हेडलाईटची आग आत शिरत नाही. पाटी तेवढी उजळते, बाकी गाडी काळोखात गेली तरी त्या कॅमेऱ्याला सोयरसुतक नाही. तुमच्या बिचाऱ्या कॅमेऱ्याच्या मात्र फाटक, जास्वंद, दूधवाला, कुत्रं आणि चोर, सगळं एका डोळ्यात मावायला हवं, तेही काळोखात.

"मग आता चार कॅमेरे लावू?"

"एक बल्ब लावा. फाटकाच्या खांबावर, कॅमेऱ्यापासून लांब, पहाटेपर्यंत जळणारा. उजेड पुरेसा असला तर कॅमेरा रंगातच राहतो, गाऊनचा रंग खरा दिसतो, किडेही बल्बाकडे जातात. आणि कॅमेरा छज्ज्यातून काढून बाजूच्या भिंतीवर, माणसाच्या तोंडाच्या जरा वर."

माझं ठाम मत आहे, कॅमेऱ्यावर हजारो खर्च करून बल्बला कंजूषपणा करणारी माणसं चोर पकडत नाहीत, चोराची सावली जमवतात.

"उद्याच भावाला पाठव. आणि आजींकडे मी डिंकाचे लाडू घेऊन जाते."

"पाठवते. पण तो तुमचा मागचा कॅमेराही बघेल हं. तो आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून आहे. सेटिंगमध्ये तेवढा कोपरा काळा करून टाकता येतो."

"इश्श! मी कशाला बघायला जाते तुमच्या खिडकीत?"

"मग रविवारी आमच्याकडे सुरमई होती, हे कसं कळलं?"

"वासावरून."

"आणि पाच तुकड्या तळल्या, हे?"

"बरं बाई, कर काळा तो कोपरा. पण पाचात तुमच्या चौघांचं भागलं कसं गं?"