न आलेल्या पाव्हण्यांस

मु. पो. हातकणंगले, जि. कोल्हापूर

रा. रा. समर्थ, राजी, लायक आणि हजर अमेरिकन कामगार यांस,

सा. न. वि. वि.

पाव्हणं, तुमचं नाव-गाव मला माहीत नाही, म्हणून कायद्यात लिहिलंय त्याच नावानं हाक मारतोय. अमेरिकेत परक्या माणसाला कायमची नोकरी आणि तिच्या मागोमाग ग्रीन कार्ड मिळायचं, तर त्या जागेसाठी समर्थ, राजी, लायक आणि हजर असा एकही अमेरिकन मिळाला नाही, हे मालकानं आधी सरकारला पटवून द्यावं लागतं. पटलं की दाखला मिळतो, लेबर सर्टिफिकेट. म्हणजे माझ्या पोराच्या कपाटातला सगळ्यात मोलाचा कागद हा तुमच्या गैरहजेरीचा आहे. आमच्याकडं तलाठी रहिवासाचा दाखला देतो. कोण कुठं नाही, याचा दाखला देणारं दप्तर मी पहिल्यांदाच ऐकलं.

तुम्हाला हुडकायची रीत पोरानं फोनवर सांगितली, तेव्हा मी त्याला दोनदा विचारलं, थट्टा करतोस काय? दोन वेगवेगळ्या रविवारी वर्तमानपत्रात जाहिरात. राज्याच्या रोजगार कार्यालयात 30 दिवस नोंद. शिवाय हापिसात सलग 10 कामाचे दिवस नोटीस. पोरगा टेक्सासात संगणकाच्या कसल्याशा प्रणाली बांधतो. ते काम जाणणारा माणूस रविवारचा पेपर मांडीवर पसरून, पेन्सिलीनं गोल करत नोकरी शोधेल, असं मानणाऱ्या कायद्याला भोळा म्हणायचं की बेरकी? नोटीस लागली कॉफीच्या यंत्राशेजारी. दहा दिवस आमचं पोरगं आपल्याच खुर्चीची जाहिरात वाचत कॉफी पीत होतं. मजकूर म्हणे इतका नेमका होता, की खाली 'शक्यतो हातकणंगल्याचा असावा' एवढंच लिहायचं राहिलं होतं.

मला खरं तर नवल वाटायला नको होतं. शिक्षणसंस्थांच्या जाहिराती बघत मी म्हातारा झालो. माणूस जागेवर बसलेला, मस्टरवर सह्या चाललेल्या, आणि तिसऱ्या वर्षी जाहिरात निघते, तीही अशा दैनिकात ज्याचा अंक संपादकाच्या घरीही सापडत नाही. चुकून परगावचा कुणी उमेदवार मुलाखतीला आलाच, तर त्याला चहा पाजून परतीच्या एसटीत बसवून देतात. तुम्हाला कुणी चहासुद्धा पाजला नसेल.

असो. तुम्ही आला नाहीत. फेब्रुवारी 2015 मध्ये पोराचा अर्ज दाखल झाला आणि ती तारीख त्याच्या नावाला चिकटली. प्रायॉरिटी डेट. आम्हा ऊसवाल्यांना ही भाषा शिकवावी लागत नाही. लावण झाली की कारखान्याच्या गट ऑफिसात नोंद होते, आणि ज्याची लावण आधी त्याची तोड आधी. तिला क्रमपाळी म्हणतात. जुलै-ऑगस्टात लावलेली आडसाली सतरा-अठरा महिन्यांनी तोडीला येते. मधे वशिले चालतात, टोळी खुशाली मागते, ट्रॅक्टरवाला एंट्री मागतो, हे सगळं मान्य. पण कुठल्या तारखेपर्यंतच्या उसाला तोड आली, ते वहीवरचं बोट हळूहळू का होईना, पुढंच सरकतं.

तुमच्याकडचं मागं येतं. दर महिन्याला परराष्ट्र खात्याचं व्हिसा बुलेटिन निघतं, ते मी चष्मा पुसून वाचतो. सप्टेंबर 2022 च्या पत्रकात भारतीयांच्या दुसऱ्या वर्गाचं, म्हणजे पोराच्या रांगेचं, बोट 1 डिसेंबर 2014 वर होतं. शेजारच्या बांधापर्यंत कोयते आले होते, पाव्हणं. आमच्या घरच्यांनी पुरणाची डाळ काढून ठेवली. ऑक्टोबरच्या पत्रकात बोट आलं 1 एप्रिल 2012 वर. डिसेंबरच्या पत्रकात 8 ऑक्टोबर 2011. तीन महिन्यांत टोळी तीन वर्षं मागं चालत गेली! त्यानंतर 2024 संपलं, तरी ते बोट 2012 सालातून बाहेर पडलेलं नव्हतं. डाळीला टोके झाले.

आमच्या तालुक्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. भंडारा उधळतात, फरांडेबाबा भाकणूक सांगतात, पाऊसपाणी कसं, राजकारण कसं. लोक ती ऐकून घरी जातात आणि वर्षभर आपापला अर्थ लावत बसतात. तुमच्या पत्रकाचंही तसंच, फक्त भाकणूक वर्षाला बारा आणि भंडारा नाही.

हे असं का, तर 1990 च्या कायद्यानं नोकरीपोटी द्यायची कार्डं ठरवून टाकली, वर्षाला 1 लाख 40 हजार. त्यातच बायकापोरंही मोजायची. वर कुठल्याही एका देशाला साधारण 7 टक्क्यांहून जास्त नाही, इतरांची उरली तर गोष्ट वेगळी. भारताला 7 आणि आइसलँडलाही 7. आइसलँड हा सगळा देश मिळून चार लाखांच्या आत, आमचा एकटा हातकणंगले तालुका त्याच्या दुप्पट. उद्या कारखान्यानं सांगितलं, की कुठल्याही गावाचा ऊस शंभरात सातच्या वर घेणार नाही, रेंदाळ असो नाहीतर चार उंबऱ्यांची वस्ती असो, तर संध्याकाळपर्यंत रस्त्यावर टायर पेटतील.

तुमच्याकडं टायर पेटत नाहीत. 2007 च्या जुलैचं पत्रक निघालं, त्यात नोकरीवाल्या बहुतेक सगळ्यांनाच अर्ज करायची मुभा होती. लोकांनी रजा काढल्या, डॉक्टरी तपासण्या उरकल्या. आणि 2 जुलैला जाहीर झालं की आता एकही जागा नाही. आमच्या लोकांनी काय करावं? आदल्या वर्षी 'लगे रहो मुन्नाभाई' येऊन गेला होता. त्यांनी इमिग्रेशन खात्याच्या संचालकांना शेकड्यांनी पुष्पगुच्छ धाडले. संचालकांनी ती फुलं जखमी सैनिकांच्या रुग्णालयाकडं वळवली. पण 17 जुलैला खातं नमलं आणि 17 ऑगस्टपर्यंत अर्ज घेतले. आमच्या जयसिंगपुरात ऊस परिषद भरते, दरासाठी वाहनं अडवतात, चाकांतली हवा सोडतात. फुलं धाडून कुणाला दर मिळाल्याचं मला आठवत नाही. त्यामुळं ही गोष्ट मी पारावर सांगतो, तेव्हा लोक माझ्याकडं जरा वेगळ्याच नजरेनं बघतात.

रांगेचं सोडा, पूर्वी तुमच्या गैरहजेरीचा दाखलाच वर्षानुवर्षं मिळत नव्हता. 2004 च्या सुमाराला साडेतीन लाखांच्या वर अर्ज तुंबले, म्हणून फिलाडेल्फिया आणि डॅलसला खास केंद्रं काढली: बॅकलॉग एलिमिनेशन सेंटर. आमच्याकडं हत्तीरोग निर्मूलन असतं तसलं नाव. केंद्रातून मालकाला पत्र जायचं, हा माणूस तुम्हाला अजून हवा आहे का, 45 दिवसांत कळवा. उत्तर गेलं नाही की फाइल बंद. तीन-चार वर्षं वाट बघितलेल्या माणसाचं नशीब हापिसातल्या टपाल फोडणाऱ्याच्या हातात. मग मार्च 2005 पासून पर्म नावाची नवी पद्धत आली, संगणकावरची. 45 ते 60 दिवसांत निकाल, असं तेव्हा बोललं गेलं. अलीकडं त्याच पद्धतीत, त्या जागेचा प्रचलित पगार किती हे ठरवून मिळायलाच कित्येक महिने जातात, आणि पुढं अर्ज तपासून होईपर्यंत वर्षाच्या वर. संगणकानं वेग येतो हे मी सातबाऱ्याच्या वेळीही ऐकलं होतं.

इथवर मी तुमच्यावर चिडूनच होतो. आला असता तर पोरगं दहा वर्षांपूर्वीच गावी आलं असतं, एकदाचं काय ते झालं असतं. पण मग दोन बातम्या वाचल्या. 2021 मध्ये फेसबुकनं अमेरिकी न्याय खात्याशी तडजोड केली, सुमारे 1 कोटी 42 लाख डॉलरपर्यंतची. 2023 मध्ये ॲपलनं अडीच कोटी डॉलरची. आरोप साधारण एकच: या जागांच्या जाहिराती कंपनीच्या नेहमीच्या संकेतस्थळावर टाकल्या नाहीत आणि अर्ज टपालानं मागवले. कंपन्यांनी तडजोड केली, चूक कबूल केली नाही. पण वाचून मी जरा गप्पच झालो. म्हणजे पाव्हणं, तुम्ही आला नाहीत असं नव्हे. तुम्हाला आवतणच असं धाडलं, की पोचू नये. आणि तुमच्या नावानं बांधलेल्या त्या रांगेत माझं पोरगं उभं आहे. तुम्ही नाही म्हणून त्याला दाखला मिळाला, तुमची काळजी म्हणून कार्ड मिळत नाही. दोघांनाही सांगितलंय की हे सगळं तुमच्याच भल्यासाठी चाललंय.

मधे एकदा पोराला वरची जागा देत होते. कामाचं स्वरूप बदललं, तर दाखला नव्यानं काढावा लागेल असं वकील म्हणाला. म्हणजे परत रविवार, परत पेपर, परत तुम्ही. जुनी तारीख सोबत नेता येते, हे खरं. पण पोरानं धास्तीनं जागा नाकारली. ज्याला त्यानं काम शिकवलं, तो आता त्याचा साहेब आहे.

नातीचं सांगतो. ती 2009 ची, इचलकरंजीत जन्मलेली. वर्षाची असताना गेली. कोल्हापूर म्हणजे तिला उन्हाळ्यातल्या दोन भेटी आणि पांढरा रस्सा. 2030 साली ती एकवीस वर्षांची होईल, आणि तोवर बोट पुढं आलं नाही तर बापाच्या अर्जातून गळून पडेल. मग ज्या देशाचं राष्ट्रगीत तिला तोंडपाठ आहे, तिथं राहायला तिला विद्यार्थी म्हणून परवानगी मागावी लागेल.

तिचा भाऊ 2016 मध्ये तिथंच जन्मला, म्हणून जन्मानंच नागरिक. एका ताटात जेवणारी भावंडं, एक तुमच्यातली, एक आमच्यातली. परवा रात्री झोप येईना, तेव्हा मी हिशोब मांडला. नागरिक पोरगा एकवीसचा झाला की त्याला आईबापांसाठी अर्ज करता येतो, आणि त्या अर्जाला ही रांग नाही. म्हणजे 2037. त्याच्या बापाचं बोट आधी येतं की याची एकवीशी, यावर पारावर पैज लावायला हरकत नाही.

आणि तेव्हा ध्यानात आलं, पाव्हणं, की तुम्ही सापडलात. टेक्सासात, माझ्याच घरात, दप्तर सोफ्यावर फेकून फ्रिज उघडा टाकणारे. लायक व्हायला अजून वेळ आहे. राजी तर कुठल्याच कामाला नाहीत. पण हजर आहात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
हजर मुलाचा गैरहजर आजोबा

ता. क. कारखान्याच्या चिटबॉयचा आत्ताच फोन आला, उद्या पहाटे तोड. क्रमपाळीनं ती गेल्या महिन्यातच यायला हवी होती. उसाला तुरे आलेत, वजनात मार बसणार. वाडं तेवढं भरपूर निघेल, म्हशींची चंगळ आहे.