नाताळचं टीव्ही-पंचांग

नाताळात काय बघायचं, याचं ब्रिटिश घरातलं पंचांग म्हणजे ‘रेडिओ टाइम्स’ या साप्ताहिकाचा जोडअंक. पेन घेऊन आवडत्या कार्यक्रमांभोवती गोल करायचे, हा तिथला कुळाचार. १९८८ च्या नाताळ अंकाच्या तर १ कोटी १० लाखांहून अधिक प्रती खपल्या.

त्यातही मेख होतीच. १९९१ पर्यंत बीबीसीचं वेळापत्रक ‘रेडिओ टाइम्स’मध्ये आणि आयटीव्हीचं ‘टीव्ही टाइम्स’मध्ये. सासर-माहेर दोन्ही सांभाळायचं, तर घ्या दोन अंक विकत!

आता स्ट्रीमिंगवर केव्हाही काहीही दिसतं, तरी गोल करणारे आहेतच. नाताळच्या दिवशी दुपारी तीनला टीव्हीवर राजाचं भाषण ठरलेलं. जेवणातली टर्की अंगावर आली, की गोल केलेल्या कार्यक्रमाच्या ऐन वेळी यजमान सोफ्यावर घोरू लागतात. त्यांना कोणी उठवत नाही. रिमोट मात्र ताबडतोब काढून घेतात.